फलाटाचं टोक की पादचारी पूल?

लोकल गाड्या बघायचा नाद लागला की उभं कुठे राहायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. मी फलाटाच्या टोकाचा माणूस, आणि त्याचं कारण कान. गाडी सुटताना मोटारींना वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा सूर तिथे स्वच्छ ऐकू येतो. जीटीओ आणि आयजीबीटी ही इन्व्हर्टरमध्ये वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांची नावं. जुन्या जीटीओ इन्व्हर्टरचा सूर गिअर बदलल्यासारखा टप्प्याटप्प्याने चढतो, नंतरच्या आयजीबीटीचा बराच सलग. जपानच्या केईक्यू मार्गावर तर सीमेन्सच्या इन्व्हर्टरमुळे काही गाड्या चक्क सरगम आळवत सुटायच्या. ती २०२१ मध्ये कायमची थांबली. हळहळ वाटली.

डब्यांचे नंबरही टोकावरूनच टिपावेत. न थांबणारी जलद गाडी असेल तर शेवटचे दोन-तीन आकडेच हाती लागतात, म्हणून वही आधीच उघडी हवी. पिवळ्या पट्टीच्या आत राहायचं आणि फ्लॅश बंद. मोटरमनच्या डोळ्यांवर उजेड मारणं हा शुद्ध आगाऊपणा.

पुलावरून मात्र छप्पर दिसतं, आणि हे टोकावर कधीच मिळत नाही. पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, कोणत्या डब्यावर आहे, एका बाहूचा की चौकोनी, सगळं उघड. वरची तारही सरळ नसून किंचित नागमोडी ओढलेली दिसते. तसं केलं नाही तर पँटोग्राफची कार्बनपट्टी एकाच जागी झिजेल. रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारा मार्ग असेल तर ही मजा गेलीच. शिवाय गर्दीत पूल थरथरतो, फोटो हलतात.