‘लँग्वेज ट्रान्सफर’चा स्पॅनिश अभ्यासक्रम : प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षण

प्रौढ वयात स्पॅनिश शिकताना स्मरणशक्ती आड येते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात शेकडो शब्द ओळखीचे होऊनही स्वतः रचलेले एक वाक्य तोंडून निघत नाही, ही अडचण अधिक मोठी असते. ‘लँग्वेज ट्रान्सफर’ या भाषाशिक्षणाच्या उपक्रमातील शिक्षक मिहालिस एलेफ्थेरियू यांचा ‘कम्प्लीट स्पॅनिश’ हा ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम नेमका येथे उपयोगी पडतो. त्यात ९० छोटे पाठ आहेत, ते सर्व विनामूल्य आहेत आणि हा उपक्रम देणग्यांवर चालतो.

प्रत्येक पाठात शिक्षक आणि एक विद्यार्थिनी यांचा संवाद ऐकू येतो. अमुक वाक्य स्पॅनिशमध्ये कसे म्हणाल, असे शिक्षक विचारतात आणि आपण ध्वनिमुद्रण थांबवून, विद्यार्थिनी बोलण्याआधी, उत्तर मोठ्याने द्यायचे असते. टिपणे काढू नका, पाठ करू नका, असा शिक्षकांचा आग्रह आहे. तो पटतो, कारण आधी शिकवलेली रूपे पुढे निराळ्या वाक्यांतून पुन्हा विचारली जातात आणि ती आठवून काढण्याच्या खटपटीतच पक्की होतात. थांबवण्याचा कंटाळा करून नुसते ऐकत गेल्यास मात्र सगळे समजले असे वाटते आणि बोलता काहीच येत नाही.

शिकवण्याचा सारा आधार इंग्रजीचा आहे. इंग्रजीतील ‘प्रेपरेशन’वरून ‘प्रेपारासिओन’ आणि त्यावरून ‘प्रेपारार’ हे क्रियापद, अशा रीतीने शब्दसंग्रह भराभर वाढतो. व्याकरणात मात्र मराठी भाषकाने इंग्रजी बाजूला ठेवून आपल्या भाषेकडे पाहावे, हे माझे ठाम मत आहे. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ ही रचना इंग्रजी भाषकाला उलटी वाटते. ‘मला पुस्तके आवडतात’ म्हणणाऱ्याला त्यात नवल ते काय? विशेषणाचे लिंगानुसार बदलणे आणि कर्त्याचे सर्वनाम गाळणे आपल्याला नवे नाही. ‘खाल्ले’ आणि ‘खात असे’ यांतील भेद जाणणाऱ्याला स्पॅनिशचे दोन भूतकाळही, तंतोतंत नाही तरी, पुष्कळसे उमगतात. ज्या क्रियारूपाचा (इंग्रजीत ‘सब्जंक्टिव्ह’) विद्यार्थी सर्वाधिक धसका घेतात, ते इच्छादर्शक रूप ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावे’ला जवळचे आहे. हे साम्य सर्वत्र टिकत नाही : ‘तो येईल असे मला वाटत नाही’ येथे मराठी साधा भविष्यकाळ वापरते, स्पॅनिश मात्र तेच इच्छादर्शक रूप मागते. ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांसाठी आपल्याकडे एकटे ‘आहे’ असल्याने ते पाठ दोनदा ऐकावेत.

एवढ्याने स्पॅनिश येईल अशी अपेक्षा ठेवू नये. इंग्रजी भाषक राजनयिकांना कामापुरते प्रावीण्य मिळवण्यासाठी ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा जुना अंदाज आहे. त्यापुढे हा अभ्यासक्रम म्हणजे पायाभरणी. शिवाय यातील बोलणे संथ आहे आणि शिक्षकांची मातृभाषा स्पॅनिश नाही. स्पेनच्या बहुतेक भागांत जिभेचे टोक दातांमध्ये आणून उच्चारला जाणारा आणि लॅटिन अमेरिकेत ‘स’ होणारा वर्ण, अर्जेंटिनातील ‘वोस’ (‘तू’ या अर्थाचे सर्वनाम) किंवा रोजच्या बोलण्याचा वेग यांची सवय मूळ भाषकांना ऐकूनच होते. म्हणून निम्मे पाठ होताच सोप्या स्पॅनिशमधील ध्वनिफिती आणि ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारे शब्दपत्त्यांचे एखादे अ‍ॅप जोडीला घ्यावे.

स्पेनच्या सेर्वांतेस संस्थेची ‘डेले’ ही स्पॅनिश प्रावीण्याची परीक्षा देणाऱ्यांना लेखनाची तयारी स्वतंत्रपणे करावी लागेल. स्पॅनिशमधील ‘एच’ उच्चारला जात नाही, ‘बी’ आणि ‘व्ही’ यांचा उच्चार एकच होतो, तेव्हा केवळ कानावर विसंबणाऱ्याचे शुद्धलेखन कच्चेच राहते.