हिरव्या पाण्याचे २,३४० रुपये

बिलावर स्वच्छ लिहिलंय : ‘कूलंट बदलले, ६ लिटर, २,३४० रुपये’. खाली गॅरेजचा शिक्का. हे बिल मी आता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलंय.

आम्ही नाशिकचे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डिझेल गाडी घेऊन मनाली आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौल, असा बेत होता. बर्फात गाडी न्यायची म्हणून मी महिनाभर वाचत होतो आणि घरच्यांचं डोकं खात होतो. बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. उणे १८च्या आसपास बॅटरीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. सगळ्यात धास्ती होती डिझेलची. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते गोठून फिल्टर चोंदतं. त्यासाठीच २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखकरता उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. म्हणून आपल्याकडचं डिझेल वाटेत संपवायचं आणि टाकी वर पोचल्यावरच भरायची, हे मी पाठ करून ठेवलं होतं.

कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या आणि थंडीत न गोठणाऱ्या द्रवाचा, विचार एक मिनिटही केला नाही. ते मेस्त्रींनी दोन महिन्यांपूर्वीच बदललं होतं ना! सात वर्षं आमची गाडी त्यांच्याकडेच. निघायच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत डोकावलो, तर छान हिरवंगार दिसलं. समाधान झालं.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा. अलीकडे पाइनची झाडं, पलीकडे नुसता पांढरा डोंगर आणि चंद्रा नदी. सिस्सूला एका होमस्टेत उतरलो. मालकानं गाडी लावतानाच बजावलं, ‘हँडब्रेक मत लगाना, गिअर में छोड़ दो.’ ब्रेक चिकटून बसतो म्हणे. चाकाखाली दगड लावले, वायपर उभे केले, झोपलो. रात्री उणे १२.

सकाळी गाडी चालू झाली, पण बेल्ट असा किंचाळला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. मी म्हटलं, थंडी आहे, होणारच. हीटर लावला तर गार वारा. सात-आठ मिनिटांत पाहतो तर टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर! बाहेर नाकातलं पाणी गोठतंय आणि इंजिन तापलंय. माझा मीटरवरच विश्वास बसेना. आणखी दोन मिनिटं गाडी चालू ठेवली, ती माझी चूक. मग बॉनेटखालून वाफ आली. खाली वाकून पाहिलं, तर रेडिएटरखाली फिकट हिरव्या बर्फाचे तुकडे पडलेले. गोळ्यावर सरबत कमी पडलं की दिसतो ना, अगदी तसा बर्फ.

मनालीहून मेकॅनिक आला तो दुपारी. खरं सांगतो, संशय मला त्याचाच आला. परक्या मुलखात अडकलेला महाराष्ट्र पासिंगचा माणूस म्हणजे कापायला आयता बकरा. त्यानं माझ्या तोंडावरूनच ते ओळखलं असावं. खिशातून बोटभर लांब, दुर्बिणीसारखी नळी काढली, तिच्या काचेवर गाडीतलं पाणी थेंबभर टाकलं आणि ती माझ्याच हातात दिली. उजेडाकडे धरून पाहिलं, तर आतली रेघ, म्हणजे तो थेंब किती अंशांना गोठेल तो आकडा, बरोबर शून्यावर. मग काच पुसून स्वतःच्या कॅनमधला थेंब टाकला. रेघ उणे ३७च्या आसपास. निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन), निम्मं पाणी असलं की एवढंच यायला हवं. ‘ये तो नल का पानी है साहब. रंग डाला हुआ.’

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. त्या फुगण्यानं रेडिएटरला चीर पाडली होती. पाणी फिरवणाऱ्या, बेल्टवर चालणाऱ्या पंपात बर्फ अडकला होता, म्हणून बेल्ट ओरडत होता. आणि पाणी फिरतच नव्हतं, म्हणून भर थंडीत इंजिन तापलं. ब्लॉक फुटला नाही हे नशीब. टोचन करून मनालीला नेणं, रेडिएटर, पंप, होज, कूलंट, मजुरी मिळून २७,६०० रुपये आणि हॉटेलात तीन दिवस जास्तीचे. निघताना त्या पोरानं जुनं पाणी एका बाटलीत भरून दिलं. ‘अपने मिस्त्री को पिलाना.’

प्यायला नाही, पण दाखवायला मी ते नाशिकपर्यंत आणलं. घरी आल्यावर दोन छोट्या बाटल्या घेतल्या. एकीत हे पाणी, दुसरीत सीलबंद कॅनमधलं कूलंट, दोन्ही पाऊणच भरल्या. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. (बायकोनं आधी मटार हलवले आणि बरोबरच केलं. खरं कूलंट विषारी असतं, वर चवीला गोड. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा आणि बाटलीवर चिठ्ठी लावा.) घरचा फ्रीजर उणे १८च्या आसपास असतो. सकाळी कॅनमधलं कूलंट पाण्यासारखं डुचमळत होतं आणि मेस्त्रींचा माल दगड झाला होता.

तो दगड तसाच थर्मासच्या पिशवीत घालून गॅरेजमध्ये नेला आणि काउंटरवर ठेवला. मेस्त्री आधी म्हणाले, गॅरेजातल्या पोरानं टाकलं असेल. मग म्हणाले, वाटेत कुणीतरी बदललं असेल. शेवटी बिल पुढं केलं तेव्हा हसले. ‘साहेब, नाशकात कुठं बर्फ पडतो? निफाडला पारा पाचावर येतो, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तरी कुणाची गाडी फुटली का?’

त्यांचा सगळा धंदा या एका वाक्यावर चाललाय. इथं पाणी गोठणार नाही, म्हणजे ते पाणी आहे हे कुणाला कळणारही नाही. आतून गंज धरेल, पंप दोन वर्षं आधी जाईल, आणि तो बदलायलाही आपण त्यांच्याकडेच जाऊ. रंगाला तर काहीच अर्थ नाही. हिरवं, लाल, निळं कसंही असतं, कंपनीगणिक वेगळं.

२,३४० परत द्यायला ते लगेच तयार झाले. बाकीच्याला नाही. मी पैसे घेतले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही. माझ्याकडे बिल आहे, मनालीची पावती आहे. त्या नळीतल्या रेघेचा फोटो मात्र काढायचा राहिला. तुम्ही तो तिथल्या तिथं काढा.

आमच्या सोसायटीतल्या आणखी तीन गाड्या त्याच गॅरेजला जातात. तिघांनी इंजिन गार असताना टाकीतून थोडं थोडं काढून फ्रीजरमध्ये ठेवलं. दोघांचं गोठलं. त्यातले एक काका पुढच्या गुरुवारी गाडीनं श्रीनगरला निघालेत. बुधवारी दुसऱ्या गॅरेजात कूलंट बदलायचं ठरलंय. कॅनचं सील त्यांच्यासमोर फुटेपर्यंत ते खुर्ची टाकून तिथंच बसणार आहेत.