साहित्य आणि सिनेमा: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरला एम.ए. मराठी करतोय. ‘साहित्य आणि सिनेमा’ हा ऐच्छिक पेपर घेतला, त्याला आता दोन सेमिस्टर झाली. घ्यावा का, असं ज्युनिअर विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घ्या. पण आधी पुस्तक वाचा, मग पिक्चर बघा. मी ‘बनगरवाडी’ला उलटं केलं. 1995 चा अमोल पालेकरांचा सिनेमा आधी पाहिला, मग पानापानावर तोच दिसत राहिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीत मास्तर ‘मी’ म्हणून सांगतो, आपण त्याच्या डोळ्यांनी वाडी बघतो. पडद्यावर तोच मास्तर बाहेरून दिसतो. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली ती पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्यावर.

खरी गोडी लागली ‘पथेर पांचाली’मुळं. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी 1929 ची, सत्यजित राय यांचा सिनेमा 1955 चा. खेड्यातली दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू यांची ही गोष्ट. कादंबरीत दुर्गाची रेल्वे बघायची राहूनच जाते. शेवटच्या आजारात ती अपूला म्हणते, बरी झाले की मला रेलगाडी दाखवशील का?

मी बीडचा. आमच्या शहरात रेल्वे आली 2025 च्या सप्टेंबरात. त्याआधी बघायची तर परळी गाठायची. माझी आजी ‘औंदा येणार, पुढच्या साली येणार’ ऐकत म्हातारी झाली आणि न बघताच गेली. होस्टेलवर ते पान वाचलं त्या रात्री पुढं वाचवलंच नाही.

त्यामुळं सिनेमात राय दोघांना रुळांपर्यंत नेतात म्हटल्यावर मला रागच आला. मूळ दुःखच काढून टाकलं, असं वर्गात बोललोसुद्धा. मॅडम काही म्हणाल्या नाहीत, त्यांनी तोच सीन परत लावला, एकदा आवाज बंद करून. काश नावाचं उंच पांढरं गवत, तारेच्या खांबाला लावलेला कान, लांबून येणारा काळा धूर. दोघं पळत सुटतात. दुर्गा मधेच पडते, अपू पुढं जातो. मग कॅमेरा रुळांच्या पलीकडं जातो आणि धडधडत्या चाकांआडून अपू दिसतो. दुर्गा मागंच राहते. रायनी दुःख काढलेलं नव्हतं, त्या पडण्यात ठेवलं होतं. चार वेळा बघितल्यावर मला ते दिसलं. माध्यमांतर म्हणजे काय, पुस्तकाचा सिनेमा कसा होतो, हे नोट्स वाचून कळलं नव्हतं, तिथं कळलं.

तक्रारी आहेत. वर्गात अंधार होत नाही, खिडक्यांना आम्ही चादरी बांधतो. स्पीकर इतका बारीक की सबटायटलवर भागवावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे परीक्षा: वर्षभर फ्रेम बघायला शिकायचं आणि पेपरात ‘कथानक थोडक्यात लिहा’. हे बदलायलाच हवं. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव शहरातच भरतो, तिथं मात्र नक्की जा. मोठ्या पडद्यावर, नीट आवाजात बघितलं की आपल्या वर्गात काय काय निसटतं ते समजतं.

दिवाळीत वडिलांना तो सीन मोबाईलवर दाखवला. संपल्यावर म्हणाले, “मागं घे. पोरगी पडती तिथून लाव.”