टाहोला एकच दिवस आहे: एमराल्ड बे की सँड हार्बर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून पहाटे निघालं की चारेक तासांत टाहो सरोवर येतं. हे सरोवर अमेरिकेच्या दोन राज्यांत वाटलेलं. नैऋत्येला कॅलिफोर्नियाचं एमराल्ड बे स्टेट पार्क, ईशान्येला नेवाडाचं सँड हार्बर. उन्हाळ्यात दोन्हीकडे पार्किंगची मारामारी, मध्ये तासाभराचा वळणावळणाचा रस्ता. एका दिवसात दोन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका.

भारतातून आई-बाबा आलेत, बरोबर लहान मुलं आहेत? मग डोळे झाकून सँड हार्बर. गाडीतून उतरलं की चार पावलांवर वाळू. काठाशी ग्रॅनाइटचे हत्तीएवढे गुळगुळीत धोंडे अर्धे पाण्यात बुडालेले, आणि मधलं पाणी इतकं नितळ की तळातला खडा न् खडा मोजावा. धोंड्यांच्या कडेने फळ्यांची वाट आहे, तिच्यावरून व्हीलचेअरही जाते. पाणी मात्र गार. ऑगस्टातही वरच्या थराचं तापमान जेमतेम २० अंश सेल्सियसच्या आसपास. मुलं उत्साहात उडी मारतात आणि कुडकुडत टॉवेल मागतात. कयाक किंवा पॅडलबोर्ड घ्यायचा तर सकाळीच. दुपारनंतर नैऋत्येचा वारा सुटतो आणि या काठावर चांगल्याच लाटा येतात.

एमराल्ड बेचं मोठेपण वरून दिसण्यात आहे. रस्त्यावरूनच खाली हिरवा-निळा उपसागर आणि त्यात फॅनेट, अख्ख्या टाहोतलं एकुलतं एक बेट. खाली काठावर लोरा नाइट या धनिक बाईंनी १९२९ मध्ये बांधून घेतलेला व्हायकिंग्सहोम हा स्कँडिनेव्हियन धाटणीचा वाडा आहे. त्याच्या काही छपरांवर चक्क माती घालून गवत वाढवलंय! तिथवर मैलभराची उतरण. जाताना गप्पा मारत जाल. परतीचा चढ मात्र सहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत दम काढतो. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच बघा, फोटो काढा, पण मग तासाभरात काम संपतं. उलट चालणाऱ्यांसाठी रुबिकॉन ट्रेल आहे, काठाकाठाने जाणारी. माझ्या मते टाहोतली सगळ्यात देखणी वाट हीच. तंबूत राहायचं असेल तरीही एमराल्ड बेच, कारण सँड हार्बरला मुक्कामाची सोय नाही.

हिवाळ्यात फार विचार करू नका. हिमकडे कोसळण्याच्या भीतीने एमराल्ड बेजवळचा ८९ नंबरचा हायवे अधूनमधून बंद ठेवतात. तेव्हा सँड हार्बर.

कुत्रा सोबत असेल तर मात्र १५ एप्रिल ते १५ ऑक्टोबर सँड हार्बरचं नावच काढू नका, मनाई आहे. गर्दीच्या दिवसांत सकाळी गाडी आत न्यायला आधी ऑनलाइन आरक्षण लागतं. ते हुकलं तर हायवेवर गाडी सोडून चालत घुसू देत नाहीत. उन्हाळ्यात जवळच्या इनक्लाइन व्हिलेज या गावाहून शटल बस मिळते. नाहीतर तिथून २०१९ मध्ये झालेली तीन मैलांची पक्की वाट आहे. तिच्यावरून सायकल मारत या.