वेइको ओउनपूचे चित्रपट: सुरुवात कुठून करावी आणि पाहताना काय सांभाळावं

एस्टोनियाचा दिग्दर्शक वेइको ओउनपू याने २००६ ते २०२० या काळात एक मध्यम लांबीचा आणि पाच पूर्ण लांबीचे चित्रपट केले. ते सालवार पाहायला बसू नका. सुरुवात 'ऑटम बॉल'पासून (२००७) करा. व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती या नव्या प्रवाहांच्या विभागाचं पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट त्याचं आजवरचं सर्वांत भरीव काम आहे. माती उन्त यांच्या १९७९ सालच्या कादंबरीतली सोव्हिएत काळातली माणसं त्याने स्वातंत्र्यानंतरच्या राजधानी टालिनमध्ये, लास्नामॅए या वस्तीच्या एकसारख्या काँक्रीट इमारतींत आणून बसवली आहेत. बायको सोडून गेलेला लेखक, एकटा न्हावी, एकटीने मुलगी वाढवणारी लॉरा, रेस्टॉरंटच्या दारावरचा टेओ. यांच्या गोष्टी एकमेकींत फारशा गुंतत नाहीत. कथानक कधी पकड घेणार याची वाट पाहिलीत तर दोन तास जड जातील. प्रत्येक प्रसंग स्वतंत्र धरा. आणि हसू आलं तर खुशाल हसा, विनोद मुद्दामच पेरलेला आहे.

नंतर 'द टेम्प्टेशन ऑफ सेंट टोनी' (२००९). हा कृष्णधवल आहे, कॅमेरा मार्ट तानिएलचा. सुरुवातीलाच वाजंत्रीसह अंत्ययात्रा चाललीय, मागे एक गाडी उलटते आणि यात्रेतलं कुणी थांबत नाही. कामगारांना घरी बसवण्याचा हुकूम मिळालेल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याचा सगळा चित्रपट या एका प्रसंगात आहे. उत्तरार्धात मात्र प्रतीकांची गर्दी होते आणि पकड सुटते. तरीही प्रतिमांसाठी तो पाहायलाच हवा.

हा चित्रपट मोबाइलवर बघणं म्हणजे वाया घालवणं. खोलीत पूर्ण अंधार करा. टीव्हीवर 'सिनेमा' मोड लावा, मोशन स्मूदिंग बंद करा आणि शार्पनेस अगदी कमी ठेवा. मोशन स्मूदिंग सेकंदाला २४ फ्रेमच्या मधे बनावट फ्रेम घुसवतं आणि चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. इंटरनेटचा वेग कमी पडला की काळ्या भागात चौकटी उमटतात, म्हणून शक्य असेल तर आधी डाउनलोड करा. पांढरी सबटायटल्स बर्फावर विरून जातात. प्लेअरमध्ये अक्षरांना काळी किनार द्या किंवा रंग पिवळा करा.

'फ्री रेंज' (२०१३) १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालाय. शार्पनेस वाढवलेला असेल तर फिल्मचे बारीक दाणे वळवळतात आणि लोक प्रतीला नावं ठेवतात. नोकरी गेलेल्या तरुण लेखकाची चिडचिड यात खरी वाटते, पण त्याच्या गरोदर मैत्रिणीला तेवढी जागा मिळत नाही. स्त्री पात्रं आखडती राहणं हा ओउनपूचा जुना दोष आहे. 'रोक्ली' (२०१५) सगळं पाहून झाल्यावर उरलं तर.

आर्ट फिल्मची सवय नसलेल्या पाहुण्यांबरोबर बसणार असाल तर 'द लास्ट वन्स' (२०२०) लावा. फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँडमधली खाणवस्ती, संवाद बहुतांश फिनिश भाषेत, बांधणी वेस्टर्नसारखी, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटासारखी. खाण, रेनडिअर पाळणारे आणि एक बाई यांच्याभोवतीचा ताण पहिल्या काही प्रसंगांतच कळतो. एस्टोनियाने ऑस्करसाठी ओउनपूचे 'सेंट टोनी', 'फ्री रेंज' आणि हा असे तीन चित्रपट पाठवले. अनोळखी प्रेक्षकाला त्यांतला हाच सर्वांत सोपा जाईल.