शाळेतील समुपदेशन सेवा : गणिताच्या एका शिक्षिकेचा अभिप्राय

दक्षिण नागपुरातील आमच्या अनुदानित शाळेने गेल्या दिवाळीनंतर एका खाजगी संस्थेची समुपदेशन सेवा घेतली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिले. त्यानंतर आमच्या कार्यालयात अशा सेवांची माहितीपत्रके सातत्याने येऊ लागली. त्यांतून निवड करू पाहणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नव्हती. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या समुपदेशक ताई केवळ खोलीत बसून मुलांची वाट पाहत नाहीत, तर शिक्षकांची परवानगी घेऊन वर्गात मागच्या बाकावर बसतात. माझ्या तासिकेनंतर त्यांनी मला एवढेच सांगितले, की प्रश्न विचारल्यावर मी जवळजवळ थांबतच नाही, त्यामुळे तीच चार-पाच मुले उत्तरे देतात आणि बाकीची मुले विचार करण्याआधीच सुटतात. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मांडले होते : शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरे अधिक सविस्तर होतात व गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते. नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना मी फळ्याकडे तोंड न करता, कोणाचेही नाव न घेता थांबू लागले. सुरुवातीला ती शांतता फार अवघड वाटली. पण गणिताच्या तासिकेआधी जिचे पोट हमखास दुखायचे, त्या मुलीने एके दिवशी बसल्या जागेवरूनच विचारले, “मॅडम, आधी वायची किंमत टाकून पाहायची का?” तिची रीत अर्धीच बरोबर होती, उरलेली अर्धी वर्गाने मिळून पूर्ण केली. मुलांचे स्वास्थ्य आणि आपले शिकवणे हे दोन वेगळे विभाग नाहीत, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा या तासिकेने अधिक स्पष्टपणे दाखवले.

डोकेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना ताई आधी झोप, नाश्ता आणि पाणी यांविषयी विचारतात. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा लागते. रात्री शिकवणीहून उशिरा परतलेली मुले सकाळी उपाशीपोटी वर्गात येऊन बसतात, हे आम्हाला दिसत असूनही त्यावर कोणी बोलत नव्हते. ताईंच्या सूचनेवरून छोटी सुट्टी लवकर घेण्यात आली आणि शिक्षककक्षात एक मोठे कॅलेंडर लागले. त्यावर आधी नोंद केल्याशिवाय कोणीही चाचणी ठेवत नाही, त्यामुळे एका दिवशी तीन विषयांच्या चाचण्या येणे थांबले.

उणिवाही गंभीर आहेत. भेटीसाठी कार्यालयाशेजारची खोली दिली गेली आणि शिपाईदादा वर्गाच्या दारात उभे राहून मुलाचे नाव पुकारत. मग गोपनीयता उरणार कशी? ही चूक शाळेची होती, परंतु संस्थेने पहिल्याच दिवशी ती दाखवून द्यायला हवी होती. आता भेटी ग्रंथालयात होतात. त्याहून मोठा आक्षेप पालकांना मोबाइल ॲपवर मिळणाऱ्या ताणाच्या गुणांकनाला आहे. पालक तो आकडा चाचणीच्या गुणांसारखा वाचतात, आणि आधीच दबलेल्या मुलाच्या वाट्याला आणखी एक तुलना येते.

शिक्षकांच्या कार्यशाळेने मात्र निराशा केली. दीर्घ श्वसनाचे व्यायाम चांगलेच आहेत, पण मतदार यादीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि भरगच्च वर्ग यांतून दमलेल्या शिक्षकाला विचारले पाहिजे, की त्याचे कोणते काम कमी करता येईल. तो प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. थकलेला शिक्षक तीन सेकंदही थांबू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बोर्डाच्या परीक्षेच्या काळात, जेव्हा मुलांना सर्वाधिक गरज होती, तेव्हा ताईंचा दिवस वाढवून मिळाला नाही. त्यासाठी आम्ही टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचना फलकावर लावला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून चोवीस तास आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

सेवा पुढे चालू ठेवावी, असे मत मी शालेय समितीकडे लेखी दिले आहे. त्यात चार अटी आहेत : वर्गनिरीक्षण करारात नमूद असावे, ॲपवरील गुणांकन बंद व्हावे, फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस मिळावेत, आणि एखाद्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाची गरज भासल्यास त्याला कोठे व कोणाच्या सोबतीने पाठवायचे, हे आधीच लिखित ठरलेले असावे.