मागचे ब्रेक: नुसते लायनर की सिलिंडरसकट?

जुन्या गाडीचे मागचे ड्रम घरीच खोलायचे ठरलं, तर खरा प्रश्न हा: नुसते लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) बदलायचे की व्हील सिलिंडरही (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग)?

नुसते लायनर स्वस्तात आणि एका सकाळी उरकतात. ब्रेक ऑइलची लाइन उघडायची नाही, म्हणजे ब्लीडिंगही (लाइनमधली हवा काढणं) नाही. पण मुंबईची दमट हवा आणि मुरलेलं जुनं ऑइल सिलिंडर आतून गंजवतं. नवे लायनर जाड असतात. ते बसवताना सिलिंडरमधला पिस्टन मागे, त्याच गंजलेल्या भागात सरकतो, ऑइल अडवणारा रबरी कप चिरतो आणि ऑइल गळायला लागतं. ते ऑइल लायनरला लागलं की नवाकोरा लायनरही टाकूनच द्यायचा. म्हणून आधी सिलिंडरचं रबरी बूट, म्हणजे टोकावरची टोपी, हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर विचारच नको, सिलिंडर बदला.

सिलिंडर बदलायचे तर ब्लीडिंग आलंच, आणि त्यासाठी पेडल मारायला घरातलं कुणीतरी हवं. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. गाडी दहा वर्षांवरची असेल तर माझं मत ठाम आहे: दोन्ही चाकांचे सिलिंडर बदलाच.

काहीही ठरवा, एका वेळी एकच चाक खोला. कुठली स्प्रिंग कुठे, ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. आणि काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.